बदली तासाला वर्गावर जाताना: शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

दुसऱ्याच्या वर्गावर जाणारे शिक्षक कोल्हापुरात सगळ्याच शाळांत भेटतात. कुणी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर, नेमलेले असतात, कुणी रजेच्या जागेवर काही महिन्यांसाठी आलेले. बाकीचे त्याच शाळेतले, ज्यांच्या नावापुढे सकाळी बदली तासांच्या वहीत ‘आठवी ब, चौथा तास’ असं लिहिलेलं असतं. नुकतेच बी.एड. किंवा डी.एल.एड. होऊन आलेले तरुण शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

एकाच तासाचा तर प्रश्न असतो. मुलांना गृहपाठ करायला सांगून गप्प बसवलं तर काय बिघडतं?

एका तासाने फारसं बिघडत नाही, पण बदली तास एकटा येत नाही. गणिताचे सर पंधरा दिवस रजेवर गेले आणि आठवड्याला ६ तास असतील, तर १२ तास झाले. ३५ मिनिटांचा एक धरला तर ते घड्याळी ७ तास होतात. तेवढ्यात अपूर्णांकांचा अख्खा पाठ नीट शिकवून होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. त्यावर हक्क मुलांचा आहे. शिक्षक रजेवर गेले म्हणून तो कमी होत नाही.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्याच कोल्हापुरात शाळेत येऊन बसलेल्या मुलाचा तास रिकामा जावा, हे मला मुळीच पटत नाही.

दुसरं कारण तुमच्या सोयीचं आहे. हाताला काम नसलेला वर्ग दहा मिनिटांच्या वर शांत बसत नाही. शिकवणारा बदली शिक्षक नुसतं राखण करणाऱ्यापेक्षा कमी दमतो.

वर्गात जाण्याआधी कार्यालयात काय विचारून घ्यावं?

वेळापत्रक आणि पटसंख्या सगळेच विचारतात. त्याखेरीज तीन गोष्टी आवर्जून विचारा. कुणाला फिट येते का, दमा किंवा मधुमेह आहे का? कुणाला कमी ऐकू येतं, कमी दिसतं, किंवा वेगळी मदत लागते का? शेवटचा तास तुमचा असेल तर कोणती मुलं कुणाबरोबर घरी जातात, रिक्षावाले काका कोणत्या फाटकाशी थांबतात?

मग शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा सरांना भेटून या. ‘हा वर्ग कसा आहे?’ असं विचारू नका, कारण उत्तरात चार मुलांची बदनामी तेवढी ऐकायला मिळते आणि तुम्ही ती डोक्यात घेऊनच आत जाता. ‘या वर्गाला रोजची सवय काय आहे?’ असं विचारा. पाणी प्यायला कधी सोडतात, वह्या कोण गोळा करतं, वर्गमंत्री कोण, हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं?

शक्य असेल तर घंटा होण्याआधी दारात पोहोचा. आधीचे शिक्षक बाहेर पडणं आणि तुम्ही आत येणं यात दोन मिनिटं गेली, तर ती दोन मिनिटं वर्ग स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मग तो परत मिळवायला दहा मिनिटं लागतात. आत गेल्याबरोबर फळ्यावर स्वतःचं नाव आणि त्याखाली एक छोटं काम लिहा. ते असं हवं की कुणालाही समजावून न घेता सुरू करता यावं: ‘कालच्या दिवसात पाहिलेल्या पाच गोष्टी लिहा, त्यांतली एक तुमच्याखेरीज कुणीच पाहिलेली नसावी.’ मुलं लिहायला लागली की तुम्हाला हजेरी घ्यायला, बाकं बघायला, कोण कुठे बसलंय ते हेरायला उसंत मिळते.

हजेरीपटावरची नावं वाचून झाली की डोकी मोजा. आकडा जुळलाच पाहिजे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला तर हे चुकवू नकाच.

मग ‘आमच्या बाई कुठं गेल्या?’ हा प्रश्न येतो. खरं आणि थोडक्यात उत्तर द्या: ‘बाई आज रजेवर आहेत, सोमवारी येणार आहेत, तोवर तुमचं मराठी मी घेणार आहे.’ आजारपण, घरची अडचण यांतलं काही सांगू नका. आणि या तासात काय काय होणार ते एका दमात सांगून टाका. पुढे काय आहे हे ठाऊक असलं की लहान मुलं निवांत होतात.

नावं माहीत नसतात. ‘ए, निळा स्वेटर’ असं म्हणावं लागतं.

वहीच्या कागदाची उभी घडी घालून प्रत्येकाला आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून बाकावर उभं करायला सांगा. दोन मिनिटांत होतं. पाचवीच्या पुढे दोघंतिघं नावांची अदलाबदल करतात. हजेरी घेताना पाट्यांवर नजर फिरवली की ते लगेच कळतं, आणि हसून ‘आता खरी लावा बघू’ म्हटलं की विषय संपतो. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, तुमची ताकद जोखून बघायचा तो त्यांचा पहिला प्रयत्न असतो.

‘सर, आमच्या बाई असलं करत न्हाईत.’ याला काय उत्तर द्यावं?

बहुतेक वेळा मूल खरंच माहिती देत असतं. त्याची घडी विस्कटलेली असते आणि ते तेवढं सांगत असतं. ‘मग बाई कसं करतात?’ असं विचारा. जमण्यासारखं असेल तर तसंच करा. नसेल तर ‘बरं झालं सांगितलंस, आज आपण असं करून बघू’ म्हणा आणि पुढे चला. त्यांच्या बाईंच्या पद्धतीवर वर्गासमोर एक अक्षरही बोलू नका. तुम्ही उद्या नसाल, बाई असतील, आणि मुलांचा त्यांच्यावरचा विश्वास तुम्ही कमी करून जाता कामा नये.

गोंगाट आवरत नाही. घसा बसतो. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी गोंगाट कशाचा आहे ते ऐका. कामाचा आवाज आणि रिकामपणाचा आवाज वेगळे असतात. चाळीस मुलं जोडीजोडीने गणित सोडवत असतील तर वर्ग गुणगुणणारच, आणि तो गुणगुणलाच पाहिजे. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जातील या धास्तीने तो आवाज बंद करू नका.

रिकामपणाचा आवाज ठरावीक जागी येतो: वह्या काढताना, एक काम संपून दुसरं सुरू होताना, आणि पटकन उरकणाऱ्या मुलांना पुढचं काम नसताना. जेकब कौनिन या अमेरिकी अभ्यासकाने अनेक वर्गांचं चित्रीकरण तपासून १९७० मध्ये जे मांडलं ते शिक्षकांनी आजही ध्यानात ठेवावं असं आहे. मुलं बिघडल्यावर शिक्षक त्यांना कसं दटावतात, यावरून चांगला वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक त्याला सापडला नाही. तो सापडला आधीच्या गोष्टींत: शिक्षकाचं लक्ष चारी कोपऱ्यांत आहे हे मुलांना जाणवत होतं का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग न रेंगाळता जात होता का.

म्हणून सूचना तोडून द्या. ‘वही काढा, तारीख टाका, पान ४२ वरचा दुसरा प्रश्न सोडवा आणि झालं की मला दाखवा’ हे एका वाक्यात सांगितलंत की पंधरा जण ‘काय काढायचं, काय काढायचं?’ विचारत सुटतात. वही निघाली, की तारीख. तारीख झाली, की पान. आणि उरकलेल्यांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक जादा प्रश्न आधीपासून लिहून ठेवा.

आवाज चढवण्याऐवजी जागा बदला. बोलणाऱ्या बाकाशेजारी जाऊन उभं राहिलं आणि शिकवणं तसंच चालू ठेवलं, तर दहापैकी आठ वेळा तेवढ्याने भागतं. लक्ष वेधायला टाळ्यांचा एक ठेका ठरवून घ्या: तुम्ही तीन वाजवायच्या, वर्गाने दोन. लेझमाच्या तालावर वाढलेली आपली मुलं तो झटकन उचलतात. पण ठेका झाल्यावर पूर्ण शांतता होईपर्यंत थांबा. अर्धवट शांततेत बोलायला सुरुवात केलीत, तर पुढच्या वेळी त्या ठेक्याला कुणी विचारणार नाही.

काय करू नका यापेक्षा काय करा ते सांगा. ‘बडबड करू नका’ऐवजी ‘पेन्सिल हातात, नजर पान ४२ वर’. आणि एखाद्याला बोलायचंच असेल तर त्याच्या बाकाशी वाकून, हळू आवाजात, एकट्याला बोला. सगळ्यांसमोर नाव घेऊन झापलेला सातवीतला मुलगा मित्रांदेखत माघार घेत नाही, आणि मग ती दोघांची झुंज होते. त्यात तास जातो आणि वर्गाला फुकटचा तमाशा मिळतो.

मुलं ऐकतच नाहीत तेव्हा थोडी शिक्षा केली तर?

नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. छडी, चापटी, उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणं, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणं, यातलं काहीही चालत नाही. पालक स्वतः ‘दोन लावा सर, आमची काही तक्रार नाही’ म्हणाले तरी चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी बदली शिक्षकाच्या हाती मार अजूनच अन्यायाचा असतो. मूल तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही त्याला ओळखत नाही, आणि ओळखीची सुरुवात अपमानाने होते. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि भीतीशिवाय मुलं शिकतात, आनंदाने शिकतात, हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. आपल्या गावात हे झालेलं आहे, म्हणून ‘बोलायला सोपं आहे’ असं आपल्याला म्हणता येणार नाही.

शिक्षेऐवजी परिणाम ठेवा, आणि तो कामाशी जोडलेला ठेवा. शाई सांडली तर पुसायची. शेजाऱ्याचं काम बिघडवलं तर त्याला ते पुरं करायला मदत करायची. जागेवर बसून जमत नसेल तर जागा बदलायची, आणि दहा मिनिटं नीट काम झालं की परत आपल्या जागी. हाताबाहेरचं असेल तर पर्यवेक्षकांना बोलवा. त्यात कमीपणा नाही.

टाचण (पाठाची लेखी आखणी) नाही, विषयही माझा नाही. काय शिकवू?

पाठ्यपुस्तक कुठपर्यंत आलंय ते दोघातिघांच्या वह्या बघून ठरवा, एकट्या वर्गमंत्र्यावर विसंबू नका. विषय जमण्यातला असेल तर पुढचा पाठ नव्याने सुरू करण्यापेक्षा झालेल्या पाठाचा सराव घ्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, ‘किशोर’ मासिकाचा जुना अंक, त्या दिवशीचं वर्तमानपत्र, यांतलं काहीतरी शाळेत असतंच.

विषय अगदीच परका असेल तर स्वतःजवळ दोन-तीन तयार तास ठेवा, जे कुठल्याही वर्गात चालतील. माझा आवडता पंचगंगेचा आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. फळ्यावर लिहायचं: सकाळी ८ वाजता पाणी ३१ फुटांवर आहे आणि तासाला ४ इंच वाढतंय, तर इशारा पातळी कधी गाठेल? ८ फूट म्हणजे ९६ इंच, म्हणजे २४ तास, दुसऱ्या दिवशी सकाळी ८. तिथून धोका पातळीला आणखी १२ तास. सहावी-सातवीला हे जमतं, आणि नंतर खरी मजा येते. ‘पण पाणी सारखंच कसं वाढंल सर?’ कुणीतरी विचारतंच. मग राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडले की काय होतं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती कुठून येतात आणि पाचवी सरस्वती गुप्त का म्हणतात, इथपर्यंत गप्पा जातात. गणिताचा तास भूगोलात शिरतो आणि घंटा झालेली कळत नाही.

एक सांभाळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घर गमावलेल्या कुटुंबांतली मुलं वर्गात असू शकतात. नदीकाठच्या गावांत हा तास घेण्याआधी शाळेत विचारा, आणि एखादं मूल गप्प झालं तर त्याला बोलतं करायचा आग्रह धरू नका.

लहान वर्गांना जिल्ह्याचे १२ तालुके पुरतात. नकाशा नसेल तर फळ्यावर ओबडधोबड आकार काढा. करवीर मध्ये, गगनबावडा पश्चिमेला घाटावर, शिरोळ पूर्वेला, चंदगड दक्षिणेच्या टोकाला. आता तुमची मावशी, आत्या, मामा कोणत्या तालुक्यात राहतात? बारापैकी किती तालुक्यांत आपल्या वर्गाची माणसं आहेत? तिसरी-चौथीची मुलं यात तासभर रमतात, आणि कधी तोंड न उघडणारी मुलगीही आजोळचं नाव सांगायला उठते.

प्रश्न विचारला की तीच चार मुलं हात वर करतात.

कारण आपण थांबत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. थांबणं ३ सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. अनोळखी शिक्षकासमोर तर मुलांना जास्तच वेळ लागतो. प्रश्न विचारा, मनात पाचपर्यंत मोजा, मग शेजाऱ्याला उत्तर सांगायला लावा, आणि शेवटी ‘तुझ्या जोडीदारानं काय सांगितलं?’ असं विचारा. दुसऱ्याचं उत्तर सांगायला भीती वाटत नाही.

दोन-तीन इयत्ता एकत्र बसवल्या असतील तर?

शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळांत एक गुरुजी रजेवर गेले की हे होतंच. सगळ्यांना एकाच गोष्टीने सुरुवात करा: एक गोष्ट, एक चित्र, एक कोडं. मग मोठ्यांना लेखी काम देऊन लहानांना घ्या, नंतर उलट. मोठ्या मुलांना लहानांचं वाचन ऐकायला बसवणं चांगलं, पण रोज त्याच मुलीला नको. तिलाही शिकायचं आहे.

वर्गात मराठी नीट न येणारी मुलं आहेत.

शिरोळ, गडहिंग्लज, चंदगडकडे घरी कन्नड बोलणारी मुलं असतात. इचलकरंजीत आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींजवळ हिंदी बोलणारी. ऊसतोड सुरू झाली की मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांची मुलं. त्यांची बोली मराठीच, पण तिला इथली पोरं हसतात. ते हसू तिथल्या तिथे थांबवा. या मुलांना बोलक्या, मायाळू जोडीदाराशेजारी बसवा, चित्र काढून किंवा आकड्यांत उत्तर देता येईल असं काम द्या, आणि त्यांच्या भाषेतला एखादा शब्द वर्गाला शिकवायला सांगा.

सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर?

संज्ञा इंग्रजीत, समजावणं मराठीत. मुलांना आधी मराठीत विचार करू द्या.

कुणी पडलं, भांडण झालं, पोटात दुखतंय म्हणालं तर?

वर्ग एकटा सोडून जाऊ नका. दोन मुलांना जोडीने कार्यालयात पाठवा किंवा शेजारच्या शिक्षकांना हाक मारा. स्वतःहून कोणतंही औषध देऊ नका. ‘मी तिचा काका, घरी न्यायला आलोय’ म्हणणाऱ्याला थेट मुख्याध्यापकांकडे पाठवा, मूल त्याला ओळखत असलं तरी.

एखादं मूल मला काही गंभीर सांगू लागलं तर?

हे होतं. रोजच्या बाईंना जे सांगता येत नाही ते कधी नवख्या माणसाला सांगावंसं वाटतं. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, आणि ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि बदली शिक्षकाला त्यातून सूट नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा, पण तेवढ्यावर थांबून आपली जबाबदारी संपली असं मानू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाचं नाव शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येता कामा नये.

वर्गाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले तर चालतात का?

शाळेने सांगितल्याशिवाय नाही.

रजा सहा महिन्यांची असेल तर पद्धत बदलते का?

बरीच. प्रसूती रजा १८० दिवसांची असते, म्हणजे जवळजवळ एक सत्र तुमच्या हातात येतं. पहिल्या आठवड्यात नवीन काही सुरू न करता मुलं कुठे आहेत ते पाहा: प्रत्येकाचं एक पान वाचन, चार गणितं, एक छोटा परिच्छेद. बाईंचे नियम महिनाभर तरी तसेच ठेवा आणि बदलायचे असतील तर वर्गाला कारण सांगून बदला. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी महिन्याच्या महिन्याला करा, शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदी कुणाच्याच कामाच्या नसतात. वह्या तपासायला लागलात की पालकही तुम्हाला वर्गाचे शिक्षक मानू लागतात.

तास संपल्यावर मूळ शिक्षकांसाठी काय ठेवावं?

एक चिठ्ठी, टाचणवहीत खोचलेली. त्यात काय शिकवलं, कुठे थांबलो, कुणाला काय जमलं नाही आणि कुणी चांगलं काम केलं, एवढं पुरे. उदाहरणार्थ: ‘अपूर्णांकांची बेरीज, छेद समान असलेली, उदा. ६ पर्यंत झाली. छेद वेगळे असलेली सुरू केलेली नाहीत. मागच्या दोन बाकांवरच्या पाच जणांना लसावि पुन्हा हवा. एका मुलाने पंचगंगेच्या पाण्याचं गणित घरून करून आणलंय, वही टेबलावर ठेवली आहे, कृपया बघावी.’ तक्रारी लिहायच्याच असतील तर घटना लिहा, मुलावर शेरा नको. ‘उद्धट आहे’ याने बाईंना काही कळत नाही, ‘वाचायला सांगितल्यावर दोनदा नकार दिला’ याने कळतं. कदाचित त्याला वाचताच येत नसेल, आणि ते बाईंना ठाऊक असेल.

मानधनाची नोंद कशी ठेवावी?

तासिका तत्त्वावर असाल तर तास संपला की त्याच दिवशी नोंदवहीत तारीख, इयत्ता, तुकडी, विषय, घटक लिहा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. तीच माहिती स्वतःच्या डायरीतही ठेवा. बिल त्या नोंदींवरून निघतं, आणि महिनाअखेरीस एखादा तास राहिला तर तुमच्या डायरीशिवाय दुसरा पुरावा नसतो.